डावा मेंदू, उजवा मेंदू आणि एक घरगुती प्रयोग

वाचकहो, मुलांविषयी बोलताना अलीकडे घरोघरी एक नवे वर्गीकरण रुजू लागले आहे. हिशेबात चटपटीत असलेल्या थोरल्या मुलीचे कौतुक करताना आई म्हणते, “हिचा डावा मेंदू तल्लख आहे.” वहीच्या समासात चित्रे काढीत बसणाऱ्या धाकट्याकडे पाहून वडील सुस्कारा सोडतात, “हा पडला उजव्या मेंदूचा. याला गणित कुठून जमणार?” पूर्वी अशा वेळी राशीकडे किंवा नशिबाकडे बोट दाखवले जाई, आता ते मेंदूकडे वळले आहे. शास्त्रातला शब्द आला की वाक्याला वजन येते, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या मनावर ते वजन फार काळ राहते. गणिताचा पेपर समोर आल्यावर तो प्रश्न वाचण्याआधीच स्वतःशी म्हणतो, ‘हे माझ्या मेंदूचे काम नव्हे.’

या समजुतीत सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती सहज जात नाही. मेंदूचे दोन अर्धे भाग आपापसांत काही कामे वाटून घेतात, हे खरे. परंतु त्यावरून माणसांची डावी आणि उजवी अशी विभागणी करता येत नाही. या दोन विधानांतील अंतर समजून घेण्यासाठी आपण आज एक प्रयोग करणार आहोत. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. घरातील आजोबांपासून नातवापर्यंत कोणालाही तो अर्ध्या तासात करता येईल.

प्रयोग पहिला : बोटे आणि बोल

साहित्य अगदी साधे आहे. काही कोरे कागद, एक पेन्सिल, सेकंद दाखवणारे घड्याळ किंवा मोबाइल, आणि वेळ सांगण्यासाठी एक मदतनीस. प्रयोग करणारी व्यक्ती शक्यतो उजव्या हाताने लिहिणारी असावी. डावखुऱ्यांविषयी पुढे स्वतंत्रपणे बोलू.

१. कागदाची घडी घालून त्याचे चार समान भाग पाडावेत आणि त्यांवर ‘उजवा शांत’, ‘डावा शांत’, ‘उजवा बोलत’, ‘डावा बोलत’ असे लिहावे.

२. मदतनीसाने ‘सुरू’ म्हणताच उजव्या हाताने पहिल्या चौकटीत जितक्या वेगाने जमतील तितके ठिपके द्यावेत. तोंडाने काहीही बोलू नये. १५ सेकंदांनी थांबावे. ठिपके एकमेकांवर पडू देऊ नयेत, नाहीतर मोजताना घोटाळा होतो.

३. अर्धा मिनिट विश्रांती घेऊन हेच डाव्या हाताने करावे.

४. पुन्हा विश्रांती घ्यावी आणि उजव्या हाताने ठिपके देत असतानाच ‘क’ने सुरू होणारे शब्द मोठ्याने, न थांबता म्हणावेत : कमळ, कणीक, कुलूप, काकडी, कात्री... एकच शब्द दोनदा म्हणू नये. तोंड थांबले तर मदतनीसाने ती खेप बाद करावी.

५. शेवटी डाव्या हाताने ठिपके देताना ‘प’ने सुरू होणारे शब्द म्हणावेत.

६. अशा तीन फेऱ्या कराव्यात. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा ठेवावा, म्हणजे थकव्याचा आणि सरावाचा परिणाम एकाच हाताच्या वाट्याला येणार नाही. अक्षरेही बदलावीत आणि त्यांची अदलाबदल करावी, म्हणजे एका हाताला सोपे अक्षर आणि दुसऱ्याला अवघड असे होणार नाही.

ठिपके मोजून प्रत्येक चौकटीची तीन फेऱ्यांची सरासरी काढावी. आता खरा हिशेब. उजव्या हाताचे ठिपके डाव्यापेक्षा जास्त असणारच. लिहिण्याचा सराव त्याच हाताला असतो. म्हणून दोन हातांची तुलना एकमेकांशी करू नये. बोलू लागल्यावर प्रत्येक हात स्वतःच्याच शांत वेगाच्या तुलनेत किती टक्के मंदावला, ते पाहावे. समजा, शांत असताना उजव्या हाताने ८० ठिपके पडले आणि बोलताना ६४. म्हणजे घट १६ ठिपक्यांची, अर्थात २० टक्के. डाव्या हाताने शांतपणे ६० पडले आणि बोलताना ५४. म्हणजे घट १० टक्के. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. आपले आकडे वेगळे असतील, आणि तेच अधिक मोलाचे.

बोलू लागताच दोन्ही हात थोडे मंदावतात, कारण लक्ष विभागले जाते. परंतु उजव्या हाताने काम करणाऱ्या अनेकांची तपासणी केली की एकूण कल असा दिसतो : बोलण्याची झळ डाव्या हातापेक्षा उजव्या हाताला अधिक बसते. जो हात अधिक तयारीचा, तोच अधिक अडखळतो. हे कसे?

एकाच शेगडीवर दोन भांडी

मेंदूचा डावा गोलार्ध शरीराच्या उजव्या बाजूची हालचाल सांभाळतो आणि उजवा गोलार्ध डाव्या बाजूची. मेंदू जेथे मज्जारज्जूला मिळतो, तेथे हालचालीचे बहुतेक तंतू बाजू बदलतात. म्हणून उजव्या हाताची बोटे हलवण्याचा हुकूम डाव्या गोलार्धातून सुटतो. आता त्यात भाषेची भर घाला. उजव्या हाताने काम करणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ९५ जणांच्या बाबतीत शब्द शोधणे, वाक्य जुळवणे आणि ते उच्चारणे ही कामे मुख्यतः डाव्या गोलार्धात होतात.

म्हणजे ठिपके उजव्या हाताने देत ‘क’चे शब्द शोधताना दोन्ही कामे एकाच गोलार्धावर येऊन पडतात. दोन शेगड्या असलेल्या ओट्यावर कुणी दोन्ही भांडी एकाच शेगडीवर आळीपाळीने ठेवू लागले, तर भातही रेंगाळतो आणि वरणही. हात डावा असला की एक भांडे दुसऱ्या शेगडीवर जाते आणि ओढाताण कमी होते.

या कल्पनेचा मूळ प्रयोग १९७१ साली मार्सेल किन्सबोर्न आणि जे कुक या संशोधकांनी केला होता. त्यांनी माणसांना तर्जनीवर लाकडी दांडी तोलून धरायला सांगितले, कधी गप्प राहून आणि कधी बोलत. बोलू लागल्यावर उजव्या तर्जनीवरचा तोल लवकर जाऊ लागला. डाव्या तर्जनीचे तसे नुकसान झाले नाही. पुढे दांडीऐवजी बोटाने टकटक करण्याच्या स्वरूपात हा प्रयोग अनेक ठिकाणी झाला. आपण केला तो त्याचाच घरगुती अवतार होय.

आता एक महत्त्वाची सूचना. आपल्या घरातील पाच जणांनी प्रयोग केला, तर पाचही जणांचे आकडे एकाच दिशेला झुकतील असे नाही. कुणाचे दोन्ही हात सारखेच मंदावतील, कुणाचा निकाल उलटा येईल. झोप नीट न झालेली असणे, पेन्सिलीची पकड, शब्द सुचण्याची सवय, इतकेच काय, मदतनीसाचा चेष्टेखोरपणा यांनीही आकडे हलतात. अशा प्रयोगातून दिसतो तो समूहाचा कल. एका माणसाचा स्वभाव त्यातून वाचता येत नाही. निकाल उलटा आला म्हणून कोणी ‘उजव्या मेंदूचा’ ठरत नाही.

डावखुऱ्यांचे काय? शंभरात साधारण दहा माणसे डावखुरी असतात. डावखुरा माणूस म्हणजे उजव्या मेंदूचा, कलावंत प्रकृतीचा, असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात डावखुऱ्यांपैकीही सुमारे ७० टक्के लोकांची भाषा मुख्यतः डाव्या गोलार्धातच असते. उरलेल्यांची उजव्या गोलार्धात किंवा दोन्हींत वाटलेली असते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत या प्रयोगाचे निकाल संमिश्र येतात. डाव्या हाताने लिहिणे किंवा जेवणे हा आजार नाही आणि अवलक्षणही नाही. मुलाचा हात बळेच बदलू नये, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.

प्रयोग दुसरा : अर्धे हसू

पहिल्या प्रयोगात डाव्या गोलार्धाचे काम दिसले. उजव्या गोलार्धाची चुणूक पाहण्यासाठी एका कागदावर दोन सारखी वर्तुळे काढा, एक वर आणि एक खाली. दोन्हींत डोळे व नाक सारखेच काढा. वरच्या चेहऱ्याच्या तोंडाची रेघ आपल्या डाव्या बाजूला वर वळवा, म्हणजे हसरी, आणि उजव्या बाजूला खाली, म्हणजे उदास. खालच्या चेहऱ्यात याच्या बरोबर उलट करा. दोन्ही चेहरे एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब व्हायला हवेत. आता घरच्या प्रत्येकाला एकेकटे बोलावून आधी वरच्या आणि मग खालच्या चेहऱ्याच्या नाकावर क्षणभर नजर स्थिर करायला सांगा आणि विचारा, “यांतला अधिक आनंदी कोण?” निम्म्या लोकांसाठी कागद उलटसुलट न फिरवता चेहऱ्यांची जागा बदललेला दुसरा कागद वापरा, म्हणजे ‘वरचा तो चांगला’ या सवयीचा परिणाम निघून जाईल.

उजव्या हाताने काम करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक बहुधा तो चेहरा निवडतात, ज्याचे हसू पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूला आहे. दोन्ही चेहऱ्यांत हसू तितकेच आणि उदासी तितकीच. तरीही एक अधिक प्रसन्न वाटतो. नजर ज्या बिंदूवर स्थिर असते, त्याच्या डावीकडे दिसणारे सारे आधी उजव्या गोलार्धाकडे जाते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. डावा डोळा उजव्या मेंदूला आणि उजवा डोळा डाव्या मेंदूला, अशी वाटणी नसते. प्रत्येक डोळ्यातून दोन्ही गोलार्धांकडे तंतू जातात. वाटणी होते ती दृश्याच्या डाव्या आणि उजव्या भागाची. चेहरे ओळखणे आणि त्यांवरील भाव टिपणे या कामांत उजव्या गोलार्धाचा वाटा मोठा असतो, म्हणून डावीकडचे हसू मनात अधिक भरते.

परंतु येथेही सारे श्रेय मेंदूच्या रचनेला देता येत नाही. मराठी, हिंदी वाचणाऱ्यांची नजर आयुष्यभर डावीकडून उजवीकडे जाते; उर्दू, अरबी वाचणाऱ्यांची उलट. हिंदी आणि उर्दू वाचकांवर असे प्रयोग झाले, तेव्हा डावीकडचा हा कल उर्दू वाचकांत तितका ठळक दिसला नाही. म्हणजे जन्मजात रचनेवर वाचनाची सवयही आपला ठसा उमटवते.

समजूत कुठून आली?

भाषेचे काम मेंदूच्या एका बाजूला असते, हे प्रथम ठामपणे मांडले गेले ते १८६१ साली. पॅरिसमधील शल्यवैद्य पॉल ब्रोका यांच्याकडे आलेला एक रुग्ण समोरच्याचे बोलणे समजू शके, पण स्वतः जवळजवळ ‘टॅन’ एवढाच उच्चार करू शके. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात इजा आढळली. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने भाषा समजण्याशी निगडित असा डाव्या गोलार्धातीलच आणखी एक भाग दाखवून दिला.

दुसरा मोठा टप्पा अमेरिकेत गाठला गेला. दोन गोलार्धांना जोडणारा सुमारे वीस कोटी तंतूंचा एक जाड पट्टा असतो. त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांवर १९६०च्या दशकात हा पट्टा कापण्याची शस्त्रक्रिया करण्यात आली, जेणेकरून झटका एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नये. शस्त्रक्रियेनंतर ही माणसे दैनंदिन व्यवहारात जवळजवळ पूर्ववत दिसत. रॉजर स्पेरी आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल गाझानिगा यांनी मात्र त्यांच्यावर फार कल्पक प्रयोग केले. पडद्यावर डावीकडे क्षणभर एखाद्या वस्तूचे नाव दाखवले, तर रुग्ण म्हणे, “मला काहीच दिसले नाही.” पण पडद्याआड ठेवलेल्या वस्तूंमधून त्याचा डावा हात नेमकी तीच वस्तू चाचपून उचली. उजव्या गोलार्धाला शब्द कळला होता. फक्त तो बोलून दाखवण्याची सोय त्याच्याजवळ नव्हती आणि डाव्याला निरोप पोहोचवण्याचा पूल तुटला होता. या कामासाठी स्पेरी यांना १९८१ सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.

येथवर सारे शास्त्र होते. त्यानंतर लोकप्रिय पुस्तके, व्यवस्थापनाची शिबिरे आणि प्रश्नावल्या यांनी त्याचे सोपे सूत्र केले : डावा म्हणजे तर्क, गणित, शिस्त, उजवा म्हणजे कला, कल्पना, भावना. शेवटी ‘तुम्ही कोणते?’ असा प्रश्न विचारला जाऊ लागला. पूल कापलेल्या मोजक्या रुग्णांत जे दिसले, ते पूल शाबूत असलेल्या तुम्हा-आम्हाला लावले गेले. गिरकी घेणाऱ्या नर्तिकेची काळी आकृती आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिली असेल. ती एका दिशेने फिरताना दिसली तर डावा मेंदू, दुसऱ्या दिशेने दिसली तर उजवा, असे तिच्याखाली लिहिलेले असते. ही आकृती २००३ साली नोबुयुकी कायाहारा या जपानी कलाकाराने तयार केली. ती केवळ दृष्टिभ्रम आहे. सपाट छायाकृतीत खोलीचा मागमूस नसल्यामुळे मेंदू तिला कोणतीही एक दिशा देऊन टाकतो. स्वभावाशी तिचा काहीही संबंध नाही.

‘डाव्या मेंदूची माणसे’ खरोखर असतात काय, हेही तपासून झाले आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ७ ते २९ वर्षे वयाच्या १,०११ व्यक्तींच्या मेंदूंच्या प्रतिमा अभ्यासल्या. मेंदूचे सात हजारांहून अधिक भाग पाडून प्रत्येक भागातील कामकाज डावीकडे किती झुकते आणि उजवीकडे किती, हे त्यांनी मोजले. भाषेसारखी काही कामे डावीकडे आणि लक्ष ठेवण्यासारखी काही उजवीकडे झुकलेली आढळली. परंतु एखाद्या व्यक्तीचा सबंध डावा किंवा सबंध उजवा गोलार्धच वरचढ आहे, असे आढळले नाही.

रांगोळी कोणत्या मेंदूची?

आपल्या दारातील ठिपक्यांची रांगोळी आठवा. सात ठिपके, सात ओळी. ठिपके मोजून, समान अंतरावर द्यायचे. कोणता कोणाला जोडायचा ते लक्षात ठेवायचे. एक ठिपका चुकला तर कमळाची पाकळी बिघडते. ही शिस्त आणि हे गणित झाले. पण ठिपक्यांच्या त्या कोरड्या जाळीत कमळ आधीच दिसणे, पाकळीचा बाक डौलदार येणे, निळ्याशेजारी कोणता रंग खुलेल हे कळणे, हे कोणत्या खात्यात टाकायचे? रांगोळी काढणाऱ्या हाताला हा प्रश्न पडतच नाही, कारण तिच्या मेंदूतील पुलावरून निरोपांची ये-जा क्षणभरही थांबलेली नसते.

भाषेचेही तसेच. तासभर उशिरा आलेल्या पाहुण्याला कुणी म्हणते, “या, या, अगदी वेळेवर आलात!” या वाक्यातील शब्द आणि व्याकरण डाव्या गोलार्धाने उलगडले, तरी त्यातील टोमणा, आवाजाची ती विशिष्ट हेल, पकडण्यात उजव्याचा मोठा हात असतो. उजव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांना शब्द सगळे कळतात, पण विनोद आणि उपरोध निसटतो. गणितातही पाठ केलेले पाढे भाषेच्या आधाराने आठवतात, तर दोन संख्यांतील लहानमोठेपणाचा अंदाज घेण्यात दोन्ही गोलार्ध सहभागी असतात. भूमिती तर आकृती मनात फिरवल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणजे चित्रे काढणाऱ्या त्या धाकट्याजवळ गणिताला लागणारे एक साधन आधीपासूनच आहे; ते गणिताच्या वहीपर्यंत आणून देणारे कुणी हवे.

लहान वयात मेंदू किती लवचिक असतो, याचे एक उदाहरण थक्क करणारे आहे. तीव्र अपस्मारामुळे काही बालकांच्या मेंदूचा एक संपूर्ण गोलार्ध काढून टाकावा किंवा निकामी करावा लागतो. डावा गोलार्ध गमावलेली लहान मुलेही उरलेल्या उजव्या गोलार्धाच्या बळावर बोलायला शिकतात. हे सर्वांना सारखेच साधते असे नाही, आणि वय जितके कमी तितके ते अधिक साधते. तरीही जेथे अर्धा मेंदू दुसऱ्या अर्ध्याचे काम शिकून घेतो, तेथे दोन्ही गोलार्ध धडधाकट असलेल्या मुलाला ‘तुझ्याने हे होणार नाही’ असे आपण कोणत्या आधारावर सांगावे?

हा आधार विकत देणारेही बाजारात आहेत. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा डावा मेंदू किती टक्के आणि उजवा किती टक्के, शिवाय त्याने कोणती शाखा निवडावी, हे सांगणारे रंगीत अहवाल हजारो रुपये घेऊन दिले जातात. ठसे गर्भातच तयार होतात आणि जन्मभर तसेच राहतात. मुलाची आवड, अभ्यास, शिक्षक, घरचे वातावरण यांची कोणतीही नोंद त्यांत नसते. ठशांवरून बुद्धी मोजता येते, याला शास्त्रीय पुरावा नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणाऱ्या ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गांचेही तेच. पट्टीखालून, नाकाच्या कडेच्या फटीतून मूल पाहत असते. फट नीट बंद केली की वाचन थांबते, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी जाहीरपणे दाखवून दिले आहे. यात पैसे जातात ते जातातच. त्याहून वाईट म्हणजे मोठ्यांना खूश करण्यासाठी मूल खोटे बोलायला शिकते.

जेथे डावे-उजवे खरोखर महत्त्वाचे ठरते

मेंदूतील कामांची ही वाटणी एका प्रसंगी मात्र प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असलीच पाहिजे. तो प्रसंग म्हणजे पक्षाघाताचा झटका, ब्रेन स्ट्रोक.

झटका डाव्या गोलार्धात आला, तर उजवा हात-पाय लुळा पडतो आणि बहुधा बोलणेही बिघडते. बोलणे गेले की घरचे घाबरतात आणि धावपळ सुरू होते. झटका उजव्या गोलार्धात आला, तर डावी बाजू अशक्त होते. पण शब्द बहुधा शाबूत राहतात. रुग्ण स्वतः सांगतो, “मला काही झालेले नाही, हात अवघडला असेल.” हे तो धीर देण्यासाठी म्हणत असेलच असे नाही. उजव्या गोलार्धाच्या इजेत आपली डावी बाजू अधू झाली आहे, याची जाणीवच कधी कधी नाहीशी होते. काही रुग्ण ताटातील उजव्या अर्ध्या भागातलेच अन्न खातात. डावा अर्धा भाग त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसतो. म्हणून ‘बोलताहेत ना नीट, मग सकाळी पाहू’ असा विचार कदापि करू नये.

चेहरा एका बाजूला वाकडा झाला आहे का? दोन्ही हात समोर उचलून धरल्यास एक खाली घसरतो का? बोलणे अडखळते का? यांपैकी एक जरी खूण अचानक दिसली, तरी वेळ पाहून ठेवावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातही जितके लवकर तितके चांगले. वाटेत ॲस्पिरिन किंवा अन्य गोळी देऊ नये. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि रक्तस्राव असेल तर ती गोळी घातक ठरू शकते. रुग्णाला पाणी किंवा चहाही पाजू नये, कारण गिळण्याची क्रिया बिघडलेली असण्याचा संभव असतो.

पुढे सेवाशुश्रूषेच्या काळातही हे ज्ञान उपयोगी पडते. डाव्या गोलार्धाच्या इजेमुळे ज्यांचे बोलणे गेले आहे, अशा काही रुग्णांना रोजच्या पाठातली आरती मात्र चालीवर, शब्दांसकट म्हणता येते. साधे ‘पाणी’ म्हणता न येणारे आजोबा आरती म्हणू लागले, तर ते सोंग करीत नाहीत. चालीच्या आधाराने बोलणे परत आणण्याची एक उपचारपद्धती वाचा-उपचारतज्ज्ञ वापरतात. त्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. आणि बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असे धरून त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलू नये.

वाचकहो, येत्या रविवारी घरच्यांना जमवून ठिपक्यांचा आणि चेहऱ्यांचा प्रयोग जरूर करावा. आकडे मुलांनाच मोजू द्यावेत, टक्केवारी त्यांनाच काढू द्यावी. एखाद्याचा निकाल वेगळा आला तर तो का आला असेल, यावर त्यांना तर्क लढवू द्यावा. चौथी फेरी घ्यावीशी वाटली तर तीही घेऊ द्यावी. कागदावर तारीख लिहावी, फेऱ्या लिहाव्यात. मुलाच्या नावापुढे ‘डावा’ किंवा ‘उजवा’ असे मात्र लिहू नये. गणितात तो अडत असेल, तर शेजारी बसून कोणत्या पायरीवर अडतो ते पाहावे. अपूर्णांक कळत नसतील तर त्याला भाकरीचे तुकडे करून त्यांचे चित्र काढायला सांगावे, आणि मग त्या चित्राखाली आकडे लिहायला लावावेत.